ब्रेकमधली हवा काढताना

रिझर्व्हॉयरमधलं, म्हणजे बॉनेटखालच्या छोट्या टाकीतलं, ब्रेक ऑइल दोन कारणांनी उतरतं. पुढचे पॅड झिजले की ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची जागा भरायला ऑइल खाली जातं. हे हळूहळू होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरं कारण गळती. आमच्या गाडीचं ऑइल ज्या वेगानं उतरत होतं, त्यावरून हे पॅडचं काम नाही एवढं कळत होतं. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर पट्टा दिसत होता. बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत लागलं आणि नुसत्या पाण्याखाली हात धरला तरी निघून गेलं. ग्रीस किंवा गिअर ऑइल असं पाण्यानं निघत नाही. म्हणजे व्हील सिलिंडर, ड्रमच्या आतले शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर, गळत होता.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. हे शेवटचं आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा, तिच्या युनिटमध्ये बारीक व्हॉल्व्ह आणि पंप असतो. त्यात हवा शिरली तर नुसतं पेडल दाबून ती निघेलच असं नाही, बऱ्याच गाड्यांमध्ये स्कॅनर लावून ते व्हॉल्व्ह चालवावे लागतात. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हा अलीकडची गाडी असेल तर स्पॅनर हातात घेण्याआधी मॅन्युअल उघडा.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. अप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. कल्याणला आत्याकडे साखरपुडा होता आणि नाशिकहून कल्याण म्हणजे कसारा घाट उतरणं आलं. गळका ब्रेक घेऊन घाटात जायचं नाही यावर आमच्या घरात चर्चा करावी लागत नाही. अप्पांनी सप्तशृंगी गडाच्या यात्रेत नांदुरीहून वर जादा गाड्या चालवल्यात. उतारावर गाडी गिअरवर धरायची, ब्रेक राखून ठेवायचा, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय.

काम आपणच करायचं ठरलं. सिलिंडर बदलायला पाइप सोडला की आत हवा शिरते आणि ती शेवटी काढावी लागते, हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हवा काढायची म्हणजे नक्की काय करायचं गं?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या सगळ्या नोकरीत हवा हाच ब्रेक होता. एसटीत सकाळी इंजिन चालू करून टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत थांबायचं, काटा वर आला की मग गाडी हलवायची. आमच्या गाडीत बरोबर उलटं आहे, इथे हवा उरली तर ब्रेक नाही.

त्याचा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. द्रव दाबला तरी आकसत नाही म्हणता येईल, हवा मात्र आकसते. जोरात ब्रेक मारला की नळीतला दाब 50 बारच्या पुढे सहज जातो. त्या दाबाला एक घन सेंटीमीटरचा बुडबुडा आपल्या आकाराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. तेवढी जागा भरायला मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरमधून, तेवढंच जास्त ऑइल ढकलावं लागतं. सिलिंडरचा बोअर 20 मिमी धरला तर पिस्टन साधारण तीन मिलिमीटर जास्त सरकतो, आणि पेडलचं गुणोत्तर चारास एक धरलं तर पाय सव्वा सेंटीमीटर जास्त खाली जातो. एवढ्याशा हवेनं एवढं होतं. चार चाकांत मिळून चार-पाच घन सेंटीमीटर राहिली तर पेडल फरशीला टेकेल आणि गाडी थांबणार नाही. अप्पांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग घाई करायची नाही."

सामान द्वारकेच्या बाजूच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर घेतले. एकच गळत असला तरी दुसराही तेवढ्याच वयाचा, त्याचे रबरी कप तेवढेच कडक झालेले. ब्रेक शूचा, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही बाजूंचा सेट घेतला, कारण ऑइलनं भिजलेला शू कितीही धुतला, तापवला तरी भरवशाचा राहत नाही, आणि एकाच बाजूला नवा बसवला तर गाडी एका अंगाला ओढते. पुढचे रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या, तेही बदलायचे ठरवले. स्टिअरिंग पूर्ण वळवून होज वाकवला की बारीक भेगा दिसत होत्या. त्यांच्यासोबत होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे नवे तांब्याचे वॉशर. हे वॉशर जुनेच परत बसवू नका, एकदा दबलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही आणि नेमकी तिथेच पाझर सुरू होते.

ऑइल डॉट 4 प्रतीचं घेतलं, सीलबंद अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. गाडीच्या रिझर्व्हॉयरच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय. दोन्ही ग्लायकॉल ईथरवर आधारलेली असल्यामुळे डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. डॉट 4 घेण्याचं कारण कसारा. ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. नव्या कोरड्या डॉट 3 ला किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो आणि 3.7 टक्के पाणी शिरल्यावर किमान 140. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं तर कॅलिपर तापतो, आतलं जुनं पाणेरी ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेसारखीच आकसते. वर कागदावर मांडलेलं सगळं तेव्हा चालत्या गाडीत घडतं. नाशिक-इगतपुरीकडे पावसाळ्याचे चार महिने हवेत किती ओल असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावं, गळती असो वा नसो.

सिडकोतल्या आमच्या घरासमोर गाडी लावण्यापुरतं सपाट अंगण आहे. सपाट जागा ही पहिली अट. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, जॅकनं गाडी उचलली आणि लगेच घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. मागचे ड्रम काढायचे असल्यामुळे हँडब्रेक सोडलेला असतो, तेव्हा ठोकळे नीट हवेत.

ड्रम निघायला त्रास देतात. आमच्या ड्रमला आटे असलेली दोन भोकं आहेत. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. हातोडीनं ठोकून काढू नये. आतली धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मी तोंडाला मास्क बांधला आणि ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली केली, मग पुसून घेतली. उजव्या सिलिंडरच्या रबरी टोपणाची कड उचलली तर आतून ऑइलची धार आली. शूचा अर्धा भाग काळा, चिकट झाला होता.

पाइप सोडण्याआधी एक युक्ती केली. पेडल साधारण इंचभर दाबून, सीट आणि पेडलमध्ये लाकडाची फळी अडकवून ते तसंच ठेवलं. एवढं दाबलं की मास्टर सिलिंडरचा पिस्टन रिझर्व्हॉयरकडून येणारं छिद्र ओलांडून पुढे जातो, त्यामुळे पाइप उघडा असला तरी वरचं ऑइल वाहून जात नाही. मात्र पेडल दाबलेलं म्हणजे मागचे ब्रेक लाइट चालू राहणार, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून ठेवा.

पाइपचा नट फ्लेअर स्पॅनरनंच सोडावा. तो स्पॅनर नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरतो. साध्या फिक्स स्पॅनरनं दोन कडांवरच जोर येतो, मऊ नटाच्या कडा गोल होतात, आणि मग दहा मिनिटांच्या कामाचा अख्खा धातूचा पाइप बदलण्याचा घोर होतो.

नवा सिलिंडर बसवताना पाइपचा नट आधी हातानं पाच-सहा आटे फिरवून घ्यायचा, सिलिंडरचे बोल्ट तोवर सैल ठेवायचे. सिलिंडर घट्ट बसवून मग पाइप जुळवायला गेलं तर आटे तिरके चढतात. रबरी भागांना पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही लागू देऊ नका. खनिज तेलानं ब्रेकचं रबर फुगतं. आज धुतलेला सिलिंडर आज चांगला दिसतो आणि पुढच्या आठवड्यात अडकतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये पेट्रोलच्या डबीत सगळं धुण्याची पद्धत आहे, ब्रेकच्या बाबतीत ती पद्धत धोक्याची आहे. धुवायचं तर ब्रेक क्लीनरनं किंवा ताज्या ब्रेक ऑइलनं.

पुढचे होज बदलताना कॅलिपर तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला, होजवर लोंबकळू दिला नाही. नवा होज पीळ न पडता बसला का, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं. कॅलिपर सरकतो त्या पिना काढून पुसल्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. हे काम कोणी सांगत नाही, पण पिन अडकली की एकच पॅड झिजतो.

खरी अडचण पुढच्या डाव्या कॅलिपरच्या निपलनं, म्हणजे हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूनं, केली. त्याची रबरी टोपी कधीची गळून पडलेली, आत गंज भरलेला. निपल पोकळ असतो, जोर लावला तर तो कॅलिपरमध्येच तुटतो आणि मग ड्रिल मारणं किंवा कॅलिपर बदलणं एवढंच उरतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी निपलच्या डोक्यावर आणि भोवतीच्या लोखंडावर छोट्या हातोडीनं हलके ठोके दिले. मग सहा कोनांचा सॉकेट लावला, बारा कोनांचा नाही, आणि सोडण्याच्या दिशेनं न फिरवता आधी किंचित आवळण्याच्या दिशेनं नेला. गंजाची पकड त्या दिशेला मोडली. एक बारीक 'कट्' आवाज आला आणि त्यानंतर तो सोडण्याच्या दिशेनं फिरला. तो आवाज ऐकल्यावर मी जमिनीवर बसूनच पाणी प्यायले.

आता हवा. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. मागचे ड्रम परत बसवलेले हवेत, नाहीतर पेडल दाबताच व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतील. आणि प्रत्येक निपल सिलिंडरच्या किंवा कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे का ते बघायचं. हवा वर जमते, निपल खाली राहिला तर कितीही ऑइल ओता, वरचा बुडबुडा तिथेच बसतो. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की नेमकं हेच होतं.

रिझर्व्हॉयरचं झाकण काढण्याआधी भोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. जुनं काळपट तपकिरी ऑइल सिरिंजनं ओढून काढलं आणि नवं भरलं. मडगार्डवर जुनी चादर टाकली आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलून टाकतं. पुसत बसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावं.

होज आणि सिलिंडर नवे म्हणजे आत सगळी हवाच. म्हणून आधी पेडलला हात न लावता एकेक निपल उघडून ऑइल आपल्या वजनानं खाली येऊ दिलं. याला वेळ लागतो. सुरुवातीला निपलमधून नुसता फुसफुस आवाज येतो, मग फेस, मग तुटक थेंब, आणि शेवटी एका लयीत थेंब पडू लागतात. तेवढा वेळ वर पातळी राखत बसायचं. रिझर्व्हॉयर एकदा रिकामा झाला की मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

नंतर दोन माणसांचं काम. अप्पा सीटवर, मी चाकाशी. निपलवर मत्स्यटाकीच्या पंपाची पारदर्शक नळी घट्ट बसवली, तिचं दुसरं टोक प्लास्टिकच्या बाटलीत, थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेलं. नळी निपलपासून आधी वर नेऊन मग खाली वळवली, म्हणजे निघालेली हवा नळीत वरच राहते, मागे फिरून सिलिंडरकडे येत नाही.

पेडलच्या खाली फरशीवर लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा फिरतो तेवढीच भिंत गुळगुळीत असते, त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ असतो. हवा काढताना पेडल पार खाली गेलं की रबरी कप त्या खरखरीत भागावर घासून फाटतो. चांगला मास्टर सिलिंडर हवा काढताना खराब झाला असं लोक म्हणतात, त्यात बऱ्याचदा हे कारण असतं.

शब्द आधी ठरवून घेतले. मी "दाबा" म्हणायचं, अप्पांनी हळू आणि सलग दाबून "दाबलंय" म्हणायचं. मग मी निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा. पेडल खाली जातं, ऑइल नळीत येतं. ते ठोकळ्याला टेकायच्या आत मी निपल बंद करून "सोडा" म्हणायचं, त्यांनी "सोडलं" म्हणायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून उत्तर ऐकू आल्याशिवाय पुढची हालचाल नाही. अप्पांना हे सांगावं लागलं नाही. कंडक्टरच्या घंटीशिवाय गाडी न हलवलेला माणूस आहे तो. मधेच शेजारच्या काकू गेटाशी येऊन काहीतरी विचारू लागल्या, तर अप्पांनी पाय तसाच दाबून धरला, हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्या "सोडा"ची वाट पाहिली.

पेडल भराभर पंप करू नका. गॅरेजमध्ये "मार मार मार, धर" असं चालतं, पण वेगानं पंप केल्यानं मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात, ऑइलमध्ये पसरतात आणि मग निघता निघत नाहीत.

क्रमाबद्दल लोक वाद घालतात. सर्वसाधारण नियम म्हणजे मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. आमच्या गाडीत दोन सर्किटं तिरकी आहेत, मागचं डावं आणि पुढचं उजवं एकात, मागचं उजवं आणि पुढचं डावं दुसऱ्यात. म्हणून मी मागचं डावं, पुढचं उजवं, मग मागचं उजवं, पुढचं डावं असं केलं. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

मागच्या डाव्या चाकाला पहिल्यांदा निपल उघडला तेव्हा नळीत ऑइल आणि हवा यांचे आलटून पालटून तुकडे आले, बोटभर लांबीचे. मग मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे. मग एखाददुसरा, नळीच्या भिंतीला चिकटून हळू सरकणारा. इथे घाई होते. नळीत स्वच्छ ऑइल दिसलं की संपलं असं वाटतं, आणि पुढच्याच दाबाला कुठून तरी एक मोठा बुडबुडा येतो, पाइपच्या उंच वळणात बसलेला. म्हणून बुडबुडे बंद झाल्यावरही मी आणखी काही वेळा दाबून घेतलं. रंगाकडेही लक्ष ठेवलं. काळपट जुन्या ऑइलच्या मागून नवं, फिकट पिवळं ऑइल येताना नळीत दोघांची सीमा स्पष्ट दिसते. ती सीमा बाटलीत गेली की त्या चाकापर्यंतचा पाइप धुतला गेला असं समजायला हरकत नाही. दर काही दाबांनंतर वर जाऊन रिझर्व्हॉयर भरत होतेच.

चारही चाकं झाली. निपल आवळले, बेताच्या जोरानं, ते नाजूक असतात. अप्पांना म्हटलं, आता दाबून बघा. ते म्हणाले, "पहिल्यांदा बरंच खाली जातंय. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतंय आणि दगडासारखं कडक लागतंय."

या एका वाक्यात सगळं निदान होतं, आणि या जागी बहुतेक लोक चुकीची वाट धरतात. पेडल खाली जातंय म्हणजे हवा राहिली असं समजून परत बाटल्या ओततात. पण नरम पेडल आणि खोल पेडल या वेगळ्या तक्रारी आहेत. हवा असेल तर पंप केल्यावर पेडल वर येईल, पण पायाखाली स्प्रिंगसारखं लवचिक लागेल. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला कप ऑइल मागे सोडतोय. आणि पहिला दाब खोल पण दुसरा उंच व कडक असेल तर मागचे शू ड्रमपासून लांब आहेत. पहिल्या दाबाचं सगळं ऑइल शूंना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होतं. ते परत जागेवर जायच्या आत दुसरा दाब आला की लगेच पकडतात.

खात्री करायला एक सोपी कसोटी आहे. हँडब्रेक पूर्ण ओढायचा, म्हणजे मागचे शू केबलनं ड्रमला टेकतात, आणि मग पेडल दाबायचं. पहिल्याच दाबात पेडल उंच लागलं तर दोष शूच्या अंतराचा. आमचं तसंच लागलं. नवे शू बसवताना ड्रम आत जावा म्हणून शूचं अंतर जुळवणारा ॲडजस्टर पूर्ण मागे घेतलेला असतो, आपोआप जुळणारा असला तरी पहिलं अंतर हातानं जवळ आणलेलं बरं. दोन्ही ड्रम उतरवून ॲडजस्टर थोडा थोडा पुढे घेतला, ड्रम हातानं फिरवताना आत शू हलकासा घासल्याचा आवाज येईल इतपत. मग पेडल बरेचदा दाबून शू मध्यावर बसू दिले आणि परत फिरवून पाहिलं. आता अप्पा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मी स्वतः बसून दाबलं. पाव प्रवासानंतर पेडल थांबत होतं, सरळ आणि कडक.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला निर्वात संपतो. दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल किंचित खाली सरकलं, म्हणजे बूस्टर काम करतोय. जोरानं दाबून अर्धा मिनिट धरलं, बुडलं नाही. अप्पांना तसंच दाबून धरायला सांगून मी प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवला. जुन्या फडक्यावर बारीक पाझर दिसत नाही, पांढऱ्या कागदावर लगेच कळतो. निपल पाण्यानं धुऊन, पुसून, नव्या रबरी टोप्या घातल्या.

पहिली चाचणी गल्लीतच, चालण्याच्या वेगानं, हँडब्रेकवर हात ठेवून. मग रविवारी पहाटे अंबड लिंक रोडला, रस्ता रिकामा असताना. वीस, मग चाळीसच्या वेगावरून ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का, कुठल्या अंगाला ओढते का, हे पाहिलं. नवे शू ड्रमला पूर्ण टेकायला थोडं अंतर जावं लागतं, तोवर जोरात ब्रेक मारण्याची वेळ येऊ नये अशीच चालवावी.

कल्याणला जाताना गाडी अप्पांनी चालवली. पाथर्डी फाट्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता सपाट म्हणावा असाच, पुढे घाट सुरू होतो. त्यांनी वरच तिसरा टाकला, वळणांना दुसरा, आणि ब्रेक लागला तेव्हा थोडा वेळ ठामपणे मारून सोडून दिला. पाय ठेवून घासत आणला नाही. खाली कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मी चारही चाकांजवळ हात नेला, स्पर्श न करता. पुढची दोन गरम, दोन्ही सारखीच. मागची दोन कोमट, तीही सारखीच. एखादं चाक जास्त गरम असतं तर तिथला शू किंवा पॅड घासतोय असं समजायचं होतं. पेडल वर होतं तिथेच होतं.

परत आल्यावर ठोकळे लावून, गाडी घोडीवर घेऊन मागच्या ड्रमच्या पाठच्या प्लेटा आतून पाहिल्या, कोरड्या होत्या. रिझर्व्हॉयरवर मार्करनं ओढलेल्या रेषेवरच ऑइल उभं होतं. चाकांचे नट टॉर्क रेंचनं परत तपासले. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, आपली गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात. जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यातही ते मिसळायचं नाही. वेगळ्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं, त्याच्याकडे असा माल उचलणारा येतो. दुसऱ्या बाटलीत थोडं नवं ऑइल उरलं होतं. अप्पा ते पुढच्या वेळेसाठी ठेवू म्हणत होते, पण सील फुटलेल्या बाटलीत पावसाळा शिरतोच, म्हणून तेही त्याच गॅरेजवाल्याला त्याच दिवशी वापरायला देऊन टाकलं.